जावक

माणसाची पत्रं त्याच्या स्वतःच्या घरात नसतात. घरात असतात ती त्याला आलेली. ज्यांत त्यानं जीव ओतला, ज्यांत तो रागावला, अजिजीनं बोलला, कुणाच्या तरी पोरासाठी शब्द टाकला, कुणाच्या दुखण्याची चौकशी केली, ती सगळी पाकिटात बंद होऊन केव्हाच घराबाहेर पडलेली असतात. कुणाच्या फडताळात, कुणाच्या पत्र्याच्या पेटीत, कुणाच्या पोथीत खुणेचा कागद म्हणून, आणि पुष्कळदा बंबात, सकाळचं पाणी तापवायला. त्यामुळं राजर्षी शाहू छत्रपतींची पत्रं जमवणाऱ्याला कोल्हापुरात बसून भागत नाही.

तसं पाहिलं तर या गावात महाराज कुठं नाहीत? खासबागेच्या तांबड्या मातीत ते आहेत. शाहूपुरीच्या पेठेत आहेत. राधानगरीच्या धरणाच्या पाण्यात आहेत, जे धरण पुरं झालेलं त्यांना पाहायला मिळालं नाही. दसरा चौकाच्या आसपास बोर्डिंगांच्या जुन्या इमारती आहेत. श्रावणातल्या सरीनंतर त्यांच्या कौलांवरून पाणी निथळत असतं, भिंतींना हिरवट ओल धरलेली असते, आणि वाटतं, आत अजूनही कुणी खेड्यातला पोरगा वळकटी उशाशी घेऊन, आईची आठवण गिळत, उद्याचा धडा घोकत पडला असेल. दगडात, चुन्यात, मातीत, पाण्यात महाराज इथंच आहेत.

कागदावर मात्र ते परगावी गेलेत.

मला त्यांची पत्रं आधी छापील भेटली. अण्णासाहेब लठ्ठ्यांनी महाराजांचं इंग्रजी चरित्र लिहिलं, दोन खंडांत, १९२४ साली, म्हणजे महाराज जाऊन पुरती दोन वर्षं होत होती तेव्हा. त्यात पत्रं आहेत. पुढं शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्रानं डॉ. विलास संगव्यांच्या संपादनाखाली महाराजांच्या कागदपत्रांचे खंडामागून खंड काढले. ते नसते तर माझ्यासारख्यानं कुठून सुरुवात केली असती कोण जाणे. त्या माणसांचे उपकार मोठे आहेत. पण छापील पत्राला घाम नसतो. त्यात हात थबकलेला दिसत नाही, शाई संपत आलेली दिसत नाही, ओळ शेवटाकडं जाता जाता खाली घसरलेली दिसत नाही. सगळी पत्रं एकाच खिळ्यांच्या ठशात, एकाच अंतरावर, दाढी करून बसल्यासारखी. वाचता वाचता मला त्या मूळ कागदाची तहान लागली. ती अजून भागलेली नाही, आणि भागू नये असंच वाटतं.

पुराभिलेखागारात रुमाल सोडायचा क्षण मला फार आवडतो. जाड, मळखाऊ कापड, त्याच्या चार टोकांची गाठ, ती नखानं हळूहळू सैल करायची. आणि मग आतून एक वास येतो, डांबरगोळ्यांचा, जुन्या खळीचा, कोंडलेल्या उन्हाळ्यांचा, कुणाच्या तरी हातातल्या तंबाखूचा, की हे सगळं आपलंच मन रचतंय? कागदाच्या कडा तपकिरी झालेल्या असतात. जिथं शाई गडद, तिथं ती कागद खात खात पलीकडं उतरलेली असते, उजेडासमोर धरला तर अक्षरांच्या जागी बारीक उजेड गळतो. कसरीनं काढलेली वेडीवाकडी नक्षी असते. आणि त्या सगळ्यावर मोडी.

मोडीत रेघ आधी. पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढायची, आणि मग तिच्याखाली शब्द लावत जायचं, हात न उचलता, एका वळणातून दुसऱ्या वळणात, जणू लिहिणाऱ्याला कुठं पोचायची घाई आहे. कचेरीतल्या कारकुनांचे हात हळूहळू ओळखू यायला लागतात. एकजण वळणावर टाक दाबतो. एकाच्या ओळी चढणीला लागतात. एकाचं अक्षर सकाळी टपोरं आणि कागदाच्या शेवटाला, दिवेलागणीला, दमलेलं. त्यांची नावं कुठं नाहीत. महाराजांच्या नावानं निघालेल्या कागदांतली बहुतेक अक्षरं यांच्या हातची, टंकयंत्र आल्यावर तर तीही नाहीत. महाराजांची ती सही, किंवा कडेला तिरका मारलेला एखादा शेरा.

मग पत्र कुणाचं म्हणायचं?

हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता, आणि एका मसुद्यानं त्याचं उत्तर दिलं. कारकुनाच्या स्वच्छ ओळीत एके ठिकाणी हंसपद होतं, दोन शब्दांच्या मधे खालून घुसवलेली ती छोटी खूण, आणि वर वेगळ्या शाईत एक शब्द. शब्द साधाच होता, ‘लवकर’. नुसता तेवढा. पण कारकुनाला ‘लवकर’ सुचला नसता. त्याला काय घाई होती? सांगणारा खोलीत येरझाऱ्या घालत असेल, मजकूर सांगून झाला असेल, कागद पुढं आला असेल, आणि वाचता वाचता कुणीतरी थांबून, टाक हातात घेऊन, तेवढा एक शब्द घातला असेल. त्या शब्दाशी मी भिंग धरून किती वेळ बसलो होतो. अक्षर कुणाचं, हे मग मला तितकंसं महत्त्वाचं उरलं नाही. आवाज ऐकू आला होता.

महाराज गादीवर आले ते २ एप्रिल १८९४ रोजी, विशीही पुरी झाली नव्हती. तेव्हा नाण्यांवर व्हिक्टोरिया राणी होती, आणि १९०१ च्या जानेवारीत ती गेली त्याच साली कोल्हापुरात निघालेल्या मराठा बोर्डिंगला तिचंच नाव पडलं. त्या राणीच्या काळातल्या मुत्सद्द्यांची पत्रं जमवणारे विलायतेत ढिगानं आहेत. पंतप्रधान ग्लॅडस्टनचे कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत, वेल्समधल्या हार्डनला त्याच्या नावाचं ग्रंथालय आहे. लिलावात त्याच्या एकेका चिठ्ठीला बोली लागते. याच ग्लॅडस्टनची कारकीर्द चालू असताना, १८७० साली, कोल्हापूरचे तेव्हाचे छत्रपती राजाराम महाराज लंडनला गेले होते. वय वीस. रोज इंग्रजीत रोजनिशी लिहीत. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला ३० नोव्हेंबरला ते गेले, आणि आर्नो नदीच्या काठी, जिथं तिला दुसरा ओढा मिळतो तिथं, परक्या थंडीत त्यांची चिता पेटली. रोजनिशी तेवढी उरली. सोबतच्या कॅप्टन वेस्टनं ती १८७२ मध्ये छापली. पंचगंगेच्या घाटावर संध्याकाळी उभं राहिलं, समाधीमंदिरांच्या सावल्या पाण्यात लांबत गेल्या, की मला तो पोरगा आठवतो. त्याची चिता इथं पेटली नाही. त्याचा कागद आहे, आणि कागदात तो अजून गाडीच्या खिडकीतून बाहेर बघतो आहे.

आपल्याकडं महाराजांच्या पत्राला बोली लागत नाही. इथं चहा लागतो, वेळ लागतो, आणि ओळखीतली ओळख लागते.

भुदरगडाकडच्या एका गावात एका आजींकडं ‘महाराजांचं पत्र’ आहे असं कळलं, म्हणून गेलो होतो. भाताची लावण चाललेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बाया, डोक्यावर इरली, आणि आभाळ इतकं खाली आलेलं की हात लावावा. घरात शिरताना अंधारलं, मग डोळे सरावले, मग शेणानं सारवलेल्या जमिनीवर पत्र्याची निळी पेटी दिसली. आजींनी मला बसवलं, पण पेटीला हात लावला नाही.

“मास्तर, आदी हात धुवा.”

धुतले. माझे हात नीट पुसले गेलेत का ते त्यांनी पाहिलं, मग स्वतःचेही धुतले. “मी दावतो. तुमी काडू नगासा.” पेटीत हळदीची साडी, तिच्या घडीत एक पंचा, पंच्यात पुठ्ठा, पुठ्ठ्यात कागद. चौथाई कागद, चार घड्यांचा, घड्यांवर फाटत आलेला. मोडीतल्या सहा ओळी. मी वाचायला लागलो आणि आजी माझ्या तोंडाकडं बघत बसल्या, कारण त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता. घरात मोडी वाचणारं माणूस दोन पिढ्या नव्हतं. दरबारच्या कचेरीतून निघालेला तो साधा कागद होता: अमुक गावचा अमुक मुलगा येत आहे, त्याची बोर्डिंगात राहण्याजेवण्याची सोय व्हावी. खाली सही कारभाऱ्याची. महाराजांची नव्हे.

मी ते सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

आजी जराही हलल्या नाहीत. “सही कुनाची का असंना,” त्या म्हणाल्या, “जेवान कुनाचं हुतं?”

तो मुलगा त्यांचा सासरा. शिकून प्राथमिक शाळेत शिक्षक झाला, त्यानं गावातल्या पन्नास घरांना बाराखडी दिली. दर गुढीपाडव्याला हा कागद बाहेर निघतो, त्याला हळदकुंकू लागतं, आणि परत साडीत जातो. वरच्या उजव्या कोपऱ्यात त्या हळदीचे थर साचलेत, बोटाच्या पेराएवढा एक पिवळा सूर्य. मला तो कागद हवा होता, हे लपवून काय उपयोग? मागितला मात्र नाही. फोटो काढला, मजकूर देवनागरीत मोठ्या अक्षरात उतरून दिला, आणि त्यांच्या नातीनं तो मोठ्यानं वाचला, अडखळत, ओळीवर बोट ठेवून. पागोळ्यांचा आवाज एवढा होता की तिला ओरडून वाचावं लागलं. आजींनी दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी सासऱ्यांचं नाव आलं तसा त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

तेव्हापासून माझं जमवणं बदललं. कागद घरी आणण्याची हाव ओसरली. कुठलं पत्र कुणाकडं आहे, ते तिथं कसं पोचलं, कुणी जपलं, कशात गुंडाळून जपलं, याची वही मी ठेवतो. तीच माझी दौलत. महाराज ज्यांच्याशी बोलले त्या सगळ्यांच्या दारात एकदा जाऊन यायचं, एवढाच हा छंद आहे.

काही दारं फार दूर आहेत. स्टुअर्ट फ्रेझर धारवाडला महाराजांचे शिक्षक होते, गादीवर येण्याआधीची चार वर्षं. पुढं ते म्हैसूरला रेसिडेंट झाले, हैदराबादला झाले, आणि महाराजांची पत्रं त्यांच्या मागोमाग बदलीच्या गावी जात राहिली. एवढा संस्थानिक, हत्तीसारखा देह, चित्ते पाळणारा, पैलवानांना मांडीशी बसवणारा. आणि आपल्या मास्तरांना आयुष्यभर पत्रं लिहीत राहिला. मला यात राजकारण दिसत नाही असं नाही. गोऱ्या अंमलाखाली राज्य करायचं म्हणजे पत्राला पत्र जोडत जाणं आलं, रेसिडेंटाला, गव्हर्नराला, त्यांच्या सेक्रेटरीला. तलवार भिंतीवर, टाक हातात. पण माणूस गरजेपुरतं लिहितो तेव्हा लवकर थांबतो. महाराज थांबत नाहीत.

आणि कधी कधी ते स्वतःच जावक होते. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते विलायतेत होते. त्याच दिवसांत, २६ जुलैला, करवीर सरकारच्या गॅझेटात तो जाहीरनामा निघाला: राज्याच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठी. देह टेम्सकाठी, शब्द पंचगंगेकाठी. मधे अख्खा समुद्र, पावसाळ्यानं खवळलेला. ज्यांच्या हातातल्या जागा जायच्या होत्या त्यांनी तो कागद सकाळी कचेरीत उघडला असेल तेव्हा, रागवायला किंवा पाय धरायला, समोर कुणीही नव्हतं. नुसता छापील मजकूर. मला त्या सकाळची शांतता पुष्कळदा ऐकू येते. टाक खाली ठेवल्याचा आवाज, कुणीतरी खाकरल्याचा, बाहेर टांग्याच्या घंटेचा. आणि त्या शांततेच्या तळाशी, फार दूर, ज्यांना अजून वाचताही येत नव्हतं अशा हजारो घरांतल्या पोरांचा गलका, जो यायचा होता.

पाणी या कागदांचा वैरी. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून वरच वर चढत गेली, तेव्हा मला झोप नव्हती. माझ्या वहीतली पाच घरं नदीकाठची. पाणी उतरल्यावर एका घरी गेलो. गाळाचा तो आंबूस वास, दारात वाळत घातलेल्या गाद्या, आणि माळ्यावर चढवायची राहून गेलेली एक ट्रंक. आत कागदांचा लगदा नव्हता, ठोकळा होता. आम्ही बसलो. पंख्याखाली, उन्हात नाही, ऊन कागदाला करपवतं. बोथट सुरीनं एकेक पदर सोडवत, मधे टीपकागद घालत, दर तासाला तो बदलत. वरची पत्रं गेली. टाकाची निळी शाई पसरून नुसतं संध्याकाळचं आभाळ उरलं होतं, अक्षर एक नाही. पण तळातले जुने कागद, काळ्या शाईचे, मोडीतले, तग धरून होते. घरमालक दिवसभर काही बोलले नव्हते. तिसरा कागद सुटा झाला आणि त्यावरचं ‘श्री’ दिसलं तशी त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्याशेजारी बसले. घरातलं फ्रिज, पलंग, धान्य, सगळं गेलं होतं. ते त्या ‘श्री’कडं बघत होते.

काही पत्रांपाशी मी पोचू शकतो पण थांबू शकत नाही. १२ जून १९१८. धाकटे राजकुमार शिवाजी महाराज शिकारीत रानडुकराचा पाठलाग करताना घोड्यावरून पडले आणि गेले. लग्नाला वर्षच झालेलं. त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे कागद एकाच खंडात, एकामागून एक येतात. पान उलटायला क्षण लागतो, आणि त्या क्षणात बापाचं जग उलटलेलं असतं. पलीकडच्या पानांत महाराज राज्य चालवतात, माणसांना भेटतात, परिषदांना जातात. पण सून, इंदुमतीदेवी, पोरवयातली विधवा, हिला त्यांनी वाड्यातल्या अंधारात कोंडू दिलं नाही. सोनतळीला तिच्या शिक्षणाची सोय केली, सोबतीला मुली दिल्या, शिक्षक नेमले, आणि घरातून झालेला विरोध अंगावर घेतला. दुःखाचं असं काही करणारे बाप तेव्हा किती होते? सोनतळीकडून जोतिबाचा डोंगर दिसतो. चैत्रात तिथली हवा गुलालानं तांबूस होते, आणि मला वाटतं, पुस्तकातून मान वर करून त्या मुलीनं तो डोंगर कितीदा पाहिला असेल.

१९२० च्या मार्चात माणगावच्या परिषदेत महाराज आणि डॉ. आंबेडकर एका मंडपात बसले. जुलैत आंबेडकर लंडनला गेले, अपुरं शिक्षण पुरं करायला, आणि लंडन-कोल्हापूर असा पत्रव्यवहार सुरू राहिला. एकीकडं ग्रंथालयात दिवस काढणारा अर्धपोटी विद्यार्थी, दुसरीकडं मधुमेहानं पोखरत चाललेला राजा; मधे आगबोट, टपालाची थैली, पंधरा-वीस दिवसांचा समुद्र. पत्र निघतं तेव्हाचा माणूस आणि पोचतं तेव्हाचा माणूस यांत तेवढं अंतर पडणारच. ६ मे १९२२ रोजी, मुंबईत खेतवाडीच्या पन्हाळा लॉजमध्ये, महाराज गेले. वय ४७. लंडनहून आंबेडकरांनी सांत्वनाचं पत्र लिहिलं ते त्यांचे थोरले चिरंजीव राजाराम महाराज यांना.

पण एप्रिलच्या शेवटी जी पत्रं महाराजांच्या नावानं परदेशातून टपालात पडली होती ती तेव्हा समुद्रावर होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ती येतच राहिली असणार, मेच्या मध्यापर्यंत, कदाचित पुढंही, तोच पत्ता, तोच मायना, कुणाची अडचण, कुणाचे आभार, कुणाचा नुसता नमस्कार. आणि कचेरीतल्या कुठल्याशा कारकुनानं, ज्याचं अक्षर मी बहुधा ओळखतो, ती एकेक करून फोडली असतील, तारीख घातली असेल, अनुक्रमांक दिला असेल. ‘कोणाचे नावे’ या रकान्यात त्यानं काय लिहिलं असेल?

मला त्या महिन्याचं आवक बुक पाहायचं आहे. सोमवारी अर्ज देतो आहे.